दसऱ्यानंतरची पहिली फेरी

कोंडीराम उतेकर फटफटीवर बसत नसत, उभे राहत. दोन्ही पाय पायदानांवर रोवायचे, गुडघे जरा वाकवायचे आणि अंग गादीपासून वीतभर वर ठेवायचं. डोंगरातल्या वाटेवर खाली गाडी उधळलेल्या रेड्यासारखी उड्या मारत असायची आणि वर हा माणूस देवळाच्या रांगेत उभा असल्यासारखा शांत. कोणी विचारलंच तर म्हणत, "बसून चालवणाऱ्याला दगड लागल्यावर कळतो. उभ्याला आधी दिसतो." याहून जास्त ते एका दमात क्वचितच बोलत.

मी मूळची महाडची, एका शाळामास्तरांची मुलगी. पुण्याला नर्सिंग शिकून पोलादपूरच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा साठ साल उजाडायला एखाद-दोन वर्षं होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा महाडहून येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी आणि एक शिपाई. उतेकर आमच्याच दवाखान्याला जोडलेले होते, देवी टोचणारे म्हणून. वरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये आणि कोंडींमध्ये (डोंगराच्या कुशीत बसलेल्या वस्तीला आमच्याकडे कोंड म्हणतात) जाऊन पोरांना लस टोचायची हे त्यांचं काम. पण त्यांना कोणी देवी टोचणारे म्हणत नसे. सगळे हवालदार म्हणत. महायुद्धात ते मोटरसायकलवरून निरोप पोचवायचं काम करत होते, आधी कुठल्या तरी वाळवंटात आणि नंतर इटलीच्या डोंगरात. त्या लढाईबद्दल मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं: "तिथला चिखल आपल्यासारखाच हाय."

फटफटी लष्कराच्या लिलावातली. साताऱ्याकडून घेऊन आंबेनळीच्या घाटाने त्यांनी ती उतरवून आणली होती. हिरवट रंग जागोजाग उडालेला, पुढचा दिवा कायमचा आंधळा. तिच्यासाठी ते महाडहून पत्र्याच्या डब्यात पेट्रोल आणत आणि बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळून घेत. बायको, जनाबाई, वैतागून म्हणायची, "माझा च्या कधी एवढा गाळला नाय ह्यांनी." त्यांना मूलबाळ नव्हतं. घर स्टँडमागच्या उतारावर, दोन खणांचं.

फटफटी लागायची ती लशीमुळे. त्या वेळची लस पातळ असे आणि ऊन लागलं की मरून जाई. एस्टीने भुशातल्या बर्फात ती महाडला यायची, तिथून पोलादपूरला. मग थर्मासात बर्फाचे तुकडे, त्यात लशीच्या नळ्या, आणि थर्मास हवालदारांच्या छातीला पट्ट्याने बांधलेला. बर्फ टिकेल तेवढा वेळ लस जिवंत. पायी जाणारा माणूस वरच्या कोंडीत पोचेपर्यंत थर्मासात कोमट पाणी उरे.

माझी त्यांच्याबरोबरची पहिली फेरी मला अजून गुडघ्यात दुखते. कोंडीतली एक बाई दोन दिवस अडली होती आणि हवालदार लस घेऊन तिकडेच निघाले होते. ते म्हणाले, "बसा, बाय. मला धरू नका, गादीची कडी धरा. मी हललो तर तुम्ही हलायचं नाय." पावसाळा संपून महिना झाला नव्हता. वाट म्हणजे बैलाची पायवाट, आणि तिच्यातली माती पावसाने धुऊन नेलेली. मध्ये नुसते दगड दात काढून बसलेले, दोन्ही बाजूंना माणूसभर गवत. एका पऱ्याच्या, म्हणजे डोंगरी ओढ्याच्या, काठाला मागचं चाक शेवाळावर फिरलं आणि मी गवतात जाऊन पडले. गुडघा फुटला. डोळ्यांत पाणी आलं. बघते तर हवालदार गाडी एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने थर्मासचं झाकण उघडून आत बघताहेत. झाकण घट्ट लावून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"मोडलं काय?"

"नाही वाटतं."

"मग उठा. हाड जुळतं, बाय. बर्फ जुळत नाय."

मला राग आला होता. पण त्या बाईचं बाळंतपण झाल्यावर मी बाहेर आले तेव्हा त्यांनी जखमेवर लावायला दगडी पाल्याचा रस काढून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन ते पाठ करून उभे राहिले, मी साडी वर घेऊन गुडघ्याला लावेपर्यंत.

लशीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई. जूनपासून वरच्या वाटा फटफटीला बंद. चार महिने हवालदार खाली, पोलादपूरच्या आसपास, पायी फिरत. त्या दिवसांत ते घुसमटलेले दिसायचे. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा करायची, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. या फेरीत लस नसायची, तोवर ती आलेलीच नसे. नुसती वाट तपासायला जायचं. कुठला साकव वाहून गेला, कुठे दरड आली, कुठे नवा पऱ्या फुटला. मागच्या गादीला कोयता, दोर आणि एक लांब काठी बांधलेली. डबकं दिसलं की उतरून काठीने खोली बघत. गेल्या वर्षी ह्याच डबक्यातून गेलो होतो, हे त्यांच्या लेखी काही कारण नव्हतं.

संध्याकाळी ते चिखलाने माखून परत येत आणि बाजारात एकेका वस्तीचं नाव घेऊन सांगत, "अमकी उघडली. तमकी आठ दिवसांनी." ते ऐकायला पोस्टमन थांबलेला असे, रानरक्षक थांबलेला असे, मिठाची पोती बैलावर चढवणारे व्यापारी थांबलेले असत. त्या एका संध्याकाळी हा अबोल माणूस पोलादपूरचा राजा असायचा. ते त्यांना आवडे. चेहऱ्यावर दाखवत नसत, पण आवडे. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ते स्वतःच मला हे सांगणार होते.

सगळ्यात अवघड वाट करंजकोंडची. करंजकोंड म्हणजे तीसेक घरं, नाचणी-वरीची शेती, अर्धे तरणे पुरुष मुंबईला गिरणीत. तिथे लस टोचून घ्यायला लोक तयार नसत. देवी येते ती देवाची, तिला सुईने हाकलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. हवालदार प्रत्येक खेपेला आधी स्वतःच्या दंडाला टोचून दाखवत. त्यांचा डावा दंड अशा खुणांनी भरून गेला होता. आणि एक लालूच होती: जो टोचून घेईल त्याला खळ्याभोवती फटफटीची एक फेरी. पोरं आवाज ऐकूनच धावत यायची. आया ओरडत मागून.

पण सगळीच पोरं येत नसत. सोनाआजी नावाची एक म्हातारी होती. तिचा मुलगा धाकू मुंबईला गिरणीत, सून बाळंतपणात गेलेली, घरात दोन नातवंडं. नातू बाळ्या सात-आठ वर्षांचा, नात तान्ही. ज्या वर्षी मी हवालदारांबरोबर तिथे गेले, त्या वर्षी आजीने बाळ्याला भाताच्या रिकाम्या कणगीत घालून वर सूप झाकलं होतं. फेरीसाठी आत तो रडत होता, ते आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं.

"आजी, पोर कणगीत हाय," हवालदार म्हणाले.

"नाय. मामाच्या गावाला गेलाय."

"रडतोय तो."

"मांजर हाय ते."

मी म्हटलं, "हवालदार, कायद्याने आपल्याला टोचता येतं. काढा त्याला बाहेर." त्यांनी मान हलवली. "झडती घ्यायला मी फौजदार नाय, बाय. आज वढून काढला तर उद्या फटफटी ऐकून पोरं रानात पळतील. पुढल्या वर्षी येईल तो आपल्या पायानं." अशी करंजकोंडमधली जवळजवळ निम्मी पोरं त्या वर्षी राहिली. परतताना ते समाधानात होते. मलाही ते पटलं होतं.

पुढचं वर्ष आलं. पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला. लोक म्हणत होते, या वेळी करंजकोंड दिवाळीशिवाय उघडत नाही. वरच्या बाजूला मोठी दरड आल्याची बातमी होती. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी फटफटी बाहेर काढली.

त्याच सकाळी मुंबईच्या एस्टीतून धाकू उतरला. ट्रंक खांद्यावर, डोळे लाल, चेहरा उतरलेला. स्टँडवरच त्याने हवालदारांना गाठलं आणि करंजकोंडला घेऊन चला म्हणून हात जोडले. पायी चढायचं त्राण त्याच्यात नव्हतं. हवालदार त्याला घेऊन दवाखान्यात आले.

"नर्सबाय, ह्याला बघा. ताप हाय. वर न्यायला हरकत नाय ना?"

बाहेर ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. भाताच्या खाचरांवर डास माजलेले, घराघरात हिवताप. सकाळपासून मी एकामागून एक गोळ्या देत होते. मी धाकूच्या कपाळाला हात लावला. चांगलाच ताप होता.

"कधीपासून?"

"परवापासून, सिस्टर. कंबर लई दुखते. बाकी सब ठीक हाय."

"मुंबईत कोणी आजारी आहे का खोलीत?"

"नाय, नाय. कोणी नाय."

मी त्याचा सदरा वर करून पोट बघितलं, पाठ बघितली. कातडीवर काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. तरी मला नर्सिंगच्या वर्गात शिकवलेलं आठवायला हवं होतं. असा ताप, अशी कंबर, मुंबईहून आलेला माणूस, तर अंगावर काही उठतं का ते बघायला दोन दिवस ठेवून घ्यायचा. मला ते आठवलं नाही. बाहेर एक मूल ओकत होतं. मी धाकूचं नाव नोंदवहीत लिहिलं, पुढे ‘हिवताप’ लिहिलं, गोळ्यांची पुडी दिली आणि हवालदारांना म्हटलं, "न्या. घरी पडून राहू दे."

ते त्याला मागे बसवून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता आणि एका गुडघ्यातून रक्त येत होतं. दरडीवर गाडी दोराने ओढून चढवली होती. बाजारात त्यांनी सांगितलं, "करंजकोंड उघडली." लोकांनी तोंडात बोटं घातली. एका व्यापाऱ्याने त्यांना चहा पाजला.

लस आली. हवालदार इतर वाटांना लागले. करंजकोंडला ते दिवाळीनंतर जाणार होते. तिकडून कोणी खालीही आलं नाही, आणि भातकापणीचे दिवस म्हणून त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. दिवाळी होऊन आठवडा झाला तेव्हा तिकडचा एक माणूस मीठ न्यायला उतरला. दुकानदाराने सहज विचारलं, वर सगळं ठीक ना? तो म्हणाला, "देवी आलीय." आणि मीठ न घेताच परत फिरला.

दुकानदार धावत दवाखान्यात आला. हवालदार तेव्हा माझ्यासमोर थर्मास धूत होते. दुकानदाराने करंजकोंडचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. दोघांनीही धाकूचं नाव काढलं नाही.

अर्ध्या तासात आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी गाडी ज्या वेगाने हाकली तसा वेग मी त्या वाटेवर कधी पाहिला नव्हता. दरडीपाशी मला उतरवून त्यांनी ती एकट्याने चढवली. करंजकोंडच्या अलीकडे, जिथे वाट दोन बांधांमधून आत शिरते तिथे, करवंदीच्या काट्यांचा छातीभर ढीग घातला होता. पलीकडे पाच-सहा माणसं, हातात कोयते. पुढे लक्षुमन, गावकीचा म्होरक्या. हवालदार दर वर्षी ज्याच्या ओटीवर बसून जेवायचे, तोच.

"तिथंच थांबा," लक्षुमन म्हणाला.

"लस आणलीय, लक्षुमन."

"लस आता आणलीस. देवी आधी आणलीस."

लक्षुमनने कोयता फटफटीकडे रोखला.

"फटफटीवर बसून आली ती. आम्ही सगळ्यांनी बघितली. तुझ्या पाठीला लागून बसली होती. पोरं आवाजाला धावली, धाकूच्या गळ्यात पडली, आन् तिनं एकेकाला हात लावला."

"किती गेले?"

"मोजायला आलायस?"

तेव्हा हवालदारांनी फटफटी सावकाश गवतात आडवी केली. स्टँडवर लावली नाही, एखादं जनावर निजवावं तशी आडवी केली. थर्मास पोटाशी घेऊन, त्यावर आपल्या जुन्या लष्करी कोटाची सावली धरून, ते काट्यांच्या अलीकडे दगडावर बसले. मी त्यांच्याजवळ उभी. लोक निघून गेले, दोघे राखणीला राहिले. ऊन चढलं. ते मध्येच थर्मासला कान लावून हलकेच हलवत. बर्फाचा खडखड आवाज येतो का ते ऐकत. दुपारी तो आवाज बारीक झाला.

आतून रडण्याचे आवाज येत होते. एकदा थांबले, पुन्हा दुसऱ्या घरातून सुरू झाले.

उन्हं कलायला लागली तेव्हा सोनाआजी आली. कडेवर नात. काट्यांच्या पलीकडे उभी राहून तिने हवालदारांकडे पाहिलं. मग राखणीच्या माणसाला म्हणाली, "बाजूला सार रे ते." तो हलला नाही, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने काटे ओढायला सुरुवात केली. हाताला रक्त आलं. मग तो माणूस पुढे झाला.

ती आमच्यासमोर आली आणि नातीचा दंड उघडा करून पुढे धरला.

"बाळ्या सकाळी गेला," ती म्हणाली. "कणगीत घातला तरी तिनं बरोबर शोधला. ही उरलीय. हिला टोच."

हवालदारांनी थर्मासातून नळी काढली आणि नातीला टोचलं. टोचून झाल्यावर ते आजीच्या पाया पडायला वाकले. म्हातारी दोन पावलं मागे सरकली.

"नगो. माझ्या पायाला हात लावू नगो. दुसऱ्यांची पोरं बोलवते, ती टोच, आन् मग काय करायचं ते कर."

तिच्या मागून एकेक जण आलं. अंधार पडायच्या आत नळ्या संपल्या. हवालदारांनी मला एका माणसाबरोबर खाली पाठवलं, आणखी लस आणि औषधं आणायला. ते स्वतः महिनाभर खाली आले नाहीत.

त्या महिन्यात मी शिपायाला घेऊन तीनदा पायी वर गेले. मी पाहिलं ते सगळं इथे लिहिणार नाही. देवी आलेल्या माणसाला शिवायला घरचेही घाबरत. हवालदार शिवत. पाणी पाजत, पू पुसत, माश्या वारत. गेलेल्यांना पुरायला खड्डे खणत. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन माळाकडे चालले होते. ओझं इतकं लहान होतं की एका हातावर मावलं असतं. मला बघून ते थांबले नाहीत. जनाबाई एक दिवसाआड साकवापर्यंत भाकरी नेऊन ठेवत असे. त्या दोघांची भेट तेवढीच, पऱ्याच्या दोन काठांवरून.

धाकू वाचला. एक डोळा गेला, चेहरा ओळखू येईनासा झाला. त्याच्या मुंबईच्या खोलीत दोन जणांना देवी आल्या होत्या आणि इस्पितळात कोंडतील या भीतीने तो पळून आला होता, हे त्याने रडत रडत स्वतःच सांगितलं. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. त्याचा मुलगा गेला होता. राग धरायला लोकांना फटफटी होती.

डिसेंबरात वरचे साहेब जीपने चौकशीला आले. दवाखान्याच्या ओट्यावर टेबल मांडलं. हवालदार समोर उभे, अर्ध्याने वाळलेले, मिशी पांढरी झालेली. मी भिंतीपाशी बसले होते. रुग्णांची नोंदवही माझ्या मांडीवर होती.

साहेबांनी विचारलं, "आजारी माणसाला सरकारी कामाच्या फेरीत गाडीवर घेतलं, हे खरं?"

"व्हय, साहेब."

"नेण्याआधी त्याला इथे दवाखान्यात दाखवलं होतं?"

वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर बोटांना चिकटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान कुठे आहे ते मला न उघडता माहीत होतं.

"नाय साहेब," हवालदार म्हणाले. "एस्टीतनं उतरला तसा घेतला. कोणाला विचारलं नाय."

साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचं आहे, सिस्टर?"

मी सव्वीस वर्षांची होते. वडील नुकतेच निवृत्त झाले होते आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी माझ्या मनात कुठलंच कारण नव्हतं, नुसती भीती होती.

"नाही," मी म्हणाले.

हवालदारांना कामावरून कमी केलं. फटफटी त्यांनी महाडच्या एका कारागिराला दिली. तो ती न्यायला आला तेव्हा ते घरातून बाहेर आले नाहीत, असं जनाबाईने सांगितलं.

त्यांच्या घरी जायला मला पंधरा दिवस लागले. दुपारची वेळ होती. ते पडवीत बसून वाखाचा दोर वळत होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "बसा, बाय. तुम्ही येनार, ते मला ठाव होतं."

"तुम्ही का नाही सांगितलं? मी हिवताप म्हणाले होते. वहीत लिहिलंय."

ते दोर वळत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं तेवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"तुम्ही कपाळाला हात लावलात, बाय, पळभर. माझ्या पाठीला तो दोन तास लागून होता. हिवतापाचा माणूस कसा थडथडतो ते मला ठाव हाय, मी लई नेलेत. ह्यो थडथडत नव्हता. नुसता जळत होता. दरडीच्या अलीकडं मी गाडी थांबवली. मनात आलं, हे काय तरी येगळं हाय, मागं फिरावं. तिथं वळायला जागा होती, जागा नव्हती असं नाय. पन समोर दरड होती. सगळे बोलले होते, चढत नाय म्हनून. मला ती चढायची होती." त्यांनी दोराचा पीळ घट्ट केला. "संध्याकाळी बाजारात ‘उघडली’ म्हनून सांगायचं होतं. तुमचं नाव घेऊन मी काय करू?"

मी रडायला लागले. त्यांनी मला समजावलं नाही. जनाबाईने चहा आणला, तो आम्ही तिघांनी प्यायला. निघताना मी म्हटलं, "मी साहेबांना पत्र लिहिते." ते म्हणाले, "लिवा." मी ते पत्र लिहिलं. चार-पाच वेळा लिहिलं. टाकलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली भोरकडे झाली. बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं, वडील थकले होते. पोलादपूरशी संबंध सुटला. हवालदार घर बंद करून रस्त्याच्या कामावर गेले, एवढं कानावर आलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळा नुकताच संपलेला असताना, मी वडिलांना भेटून महाडहून भोरला परत निघाले होते. वरंधच्या वर घाटात दरड कोसळली होती आणि रस्ता एकेरी चालू होता. आमची एस्टी थांबली. पुढे पंधरा-वीस मजूर माती उपसत होते. एक म्हातारा लाल निशाण घेऊन उभा होता. तो एस्टीच्या दाराशी आला नाही. निशाण काखेत धरून खिडक्यांपाशी आला आणि पहिल्या खिडकीपासून एकेका चेहऱ्याकडे बघत चालू लागला.

"बरा हाईस ना रे?" पहिल्या खिडकीतल्या पोराला त्याने विचारलं. पुढच्या खिडकीत एक बाई मान टेकून झोपली होती. त्याने हात वर करून तिच्या कपाळाला लावला. ती दचकून ओरडली. गाडीत हशा झाला.

"डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं," ड्रायव्हर मागे वळून म्हणाला. "पन निरुपद्रवी हाय. प्रत्येक गाडीला असंच करतो. बघितल्याशिवाय सोडत नाय. मुकादमानंपण नाद सोडलाय."

मी ओळखलं तोवर ते माझ्या खिडकीपाशी आले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, डोक्याला फडकं. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मला बोलायचं होतं. हाका मारायच्या होत्या. सगळ्या गाडीला ओरडून सांगायचं होतं की हा माणूस वेडा नाही आणि याने काय केलं आणि मी काय केलं नाही.

त्यांनी हात वर केला आणि तळहात माझ्या कपाळावर ठेवला. खडबडीत, मातीने भरलेला, गार.

"बऱ्या हाव ना, बाय?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला आणि पुढच्या खिडकीकडे गेले. शेवटची खिडकी झाल्यावर बाजूला होऊन त्यांनी निशाण खाली केलं, आणि गाडी सुटली.